राबलेला स्नायू, सुस्तावलेला स्नायू

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यातल्या रँचवर जनावर कापलं की चांगलं मांस मालकाकडे जाई. डोकं, आतडी आणि श्वासपटलाची चिवट पट्टी मेक्सिकन वंशाच्या गुराख्यांच्या वाट्याला येई, पुष्कळदा मजुरीचा भाग म्हणूनच. ही पट्टी म्हणजे स्कर्ट स्टेक. गुराख्यांनी ती निखाऱ्यांवर भाजली, पातळ कापली आणि तोर्तियात गुंडाळून खाल्ली. १९६९ साली सनी फाल्कन या मांसविक्रेत्याने काइल गावी तिचा स्टॉल लावला. पुढे हाच पदार्थ ‘फहिता’ म्हणून अमेरिकाभर गेला आणि वाट्याची ती पट्टी दुकानात चांगल्या भावाने विकली जाऊ लागली. मांस तेच होतं; ते रांधायची रीत तेवढी घरोघरी पोचली.

आधी कट ओळखा

स्टेक विकत घेताना एकच प्रश्न विचारायचा: हा स्नायू जिवंतपणी किती राबला? कण्याच्या आतल्या बाजूचा टेंडरलॉइन जवळजवळ बसून खातो, म्हणून तो लोण्यासारखा मऊ, पण चवीला सौम्य. रिबआय आणि स्ट्रिप पाठीचे. मऊपणाही आहे, चरबीचं जाळंही. स्कर्ट आणि पोटाकडचा फ्लँक सतत हलणारे. त्यांचे तंतू जाड आणि चव दमदार. मागच्या मांडीचा राउंड बहुधा मंद आचेवर रश्शातच शिजवावा. खांद्याच्या मांसात मात्र एक अपवाद दडला आहे. नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या संशोधकांनी खांद्याचे स्नायू एकेक करून तपासले, तेव्हा मधला जाड पडदा काढला की तिथला एक स्नायू मऊपणात टेंडरलॉइनच्या खालोखाल ठरतो, असं दिसलं. तोच आजचा फ्लॅट आयर्न स्टेक.

कोणाला मुरवायचं?

टेंडरलॉइन, रिबआय, स्ट्रिप यांना मीठ पुरतं. मांस तव्यावर टाकताना ते लावा, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मधल्या वेळात मीठ पाणी बाहेर ओढतं आणि ओल्या पृष्ठभागाला रंग चढत नाही. थांबलं की तेच खारं पाणी पुन्हा आत शिरतं.

फ्लँक आणि स्कर्टला मुरवण हवी. अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे लिंबाचा रस, तेवढंच तेल, ठेचलेला लसूण, जिरेपूड, लाल तिखट आणि मीठ. फ्रिजमध्ये दोन ते चार तास. लिंबू, लसूण, जिरं वरच्या काही मिलिमीटरांतच राहतात. खोल जातं ते मीठ. म्हणूनच पातळ कटांना मुरवण मानवते. रात्रभर लिंबात ठेवलं तर बाहेरचा थर पिठूळ होतो. कोरियात गाल्बीसाठी, म्हणजे भाजायच्या बरगडीच्या मांसासाठी, सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात किसलेलं नाशपाती घालतात, कारण त्यातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात ती याचसाठी. पपई किंवा किवी वापरलीत, तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. अर्धा तास पुष्कळ होतो.

वरचे कट गोमांसाचे. पण महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली; त्यामुळे इथे प्रश्न म्हशीच्या मांसाचा. त्यात चरबीचं जाळं कमी, म्हणून मुरवणीत तेल सढळ हाताने घाला आणि मांस जास्त शिजू देऊ नका.

आच आणि सुरी

मुरवलेलं मांस टिपून कोरडं करा. बिडाचा तवा धुरावेपर्यंत तापवा. मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो, हा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिखचा समज. प्रयोगांनी तो खोडला आहे. आच हवी ती खरपूस कवचासाठी. पातळ स्कर्टला दर बाजूला दोन-तीन मिनिटं बस्स. जाड स्टेकला थर्मामीटर लावा: मध्यभागी ५४ अंश सेल्सिअसला तो आतून गुलाबी आणि रसाळ असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची सुरक्षिततेची शिफारस मात्र ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसाव्याची आहे. घरात लहान मुलं, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल, तर तीच पाळा.

उरलेलं काम सुरीचं. फ्लँकवर तंतूंच्या रेषा उघड दिसतात. त्यांना आडवं, पातळ कापलं की प्रत्येक घासात तंतू आखूड येतात आणि चावणं सोपं होतं. त्याच रेषेत उभं कापलं, तर चार तासांची मुरवणही वाया जाते. पहिल्यांदा स्टेक करणाऱ्याने म्हणून महागड्या टेंडरलॉइनऐवजी फ्लँक घ्यावा: मीठ, आच आणि सुरी या तिन्हींचा हिशेब तो एकाच जेवणात शिकवतो.