आजोबांची पद्मिनी आणि नातवाचा हॉट रॉड

शिंदखेड्याच्या जुन्या व्यापारी वाड्यांत पुढे पेढी, मध्ये राहते घर आणि मागे गोदाम अशी रचना आढळते. अशाच एखाद्या गोदामाच्या कोपऱ्यात, रिकाम्या गोण्यांच्या थप्पीआड, ताडपत्री पांघरून एक फियाट उभी असते. आजोबांनी तिची नोंदणी केली तेव्हा गाडी हाती यायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नकार्य, धुळ्याचा दवाखाना, चातुर्मासातील दर्शनयात्रा, सारे तिने निभावले. पुढे मारुती आली, आजोबा गेले आणि फियाट जागेवरच राहिली. आता अभियांत्रिकी शिकलेला नातू तिचा ‘हॉट रॉड’ करू म्हणतो, तर वडील म्हणतात, भंगारात देऊन जागा मोकळी करा. दोघांच्याही बोलण्यात घाई आहे.

नातवाची कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. हॉट रॉड जन्मला तो काटकसरीतून. 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण फोर्डच्या जुन्या, स्वस्त गाड्या विकत घेत, मडगार्ड काढून वजन घटवीत आणि इंजिनाची ताकद वाढवून म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लावीत. फोर्डने 1932 साली सामान्य माणसाच्या आवाक्यातील व्ही-आठ इंजिन बाजारात आणल्यावर या छंदाला खरे बळ मिळाले. जानेवारी 1948 मध्ये त्याला वाहिलेले ‘हॉट रॉड’ मासिकही निघाले. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर सुधारलेल्या फियाट याच ओढीने धावल्या. म्हणजे जुन्यातून नवे घडविण्याची ही हौस फियाटला परकी नाही.

परंतु कापण्यापूर्वी हातात काय आहे, हे पाहिले पाहिजे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट तयार होऊ लागली आणि 1974 पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. इंजिन 1089 सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि आसने रेक्झिनची. (आसने नव्याने मढविताना कारागीर हटकून चामडे सुचवतो. आपल्या घरात ते चालणार नाही, आणि मूळ गाडीतही ते नव्हते.) मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. तेव्हापासून या गाडीकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलली आहे.

याच ठिकाणी कायद्याचा मुद्दा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मालकाला मनाजोगता बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही बाब अधिक स्पष्ट केली. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. छत कापलेली, परक्या इंजिनाची पद्मिनी शिंदखेड्याहून दोंडाईच्यापर्यंतसुद्धा कायदेशीरपणे नेता येणार नाही, आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद ठरलेलाच. फार तर बंदिस्त शर्यतमार्गावर तिला जागा मिळेल.

दुसरी वाट जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी खुली केली आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्यासाठी शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे असून पुढील नूतनीकरणास पाच हजार रुपये पडतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखता येतो. आजोबांचा तो ‘एमएच’पूर्वीचा क्रमांक टिकणे हीच कित्येक घरांत मोठी गोष्ट ठरेल. अट एवढीच की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत भरीव बदल केलेला नसावा. मात्र ही गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. 1974 ते 1976 च्या पद्मिनी नेमक्या याच काळात पन्नाशी ओलांडत आहेत. आज करवत चालविणारा नातू हा हक्क कायमचा गमावतो.

यंत्राचे काम नातवाने जरूर करावे, पण संयमाने. बॅटरी जोडून थेट चावी फिरविणे ही नेहमीची चूक. आधी टाकीतील कुजलेले पेट्रोल काढून गंज साफ करावा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. क्लच प्लेट बहुधा चिकटलेली असते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. त्यांचे व्हील सिलिंडर आणि रबरी भाग सरसकट बदलावेत, तेथे पैसा वाचवू नये. खानदेशच्या कोरड्या हवेत पत्रा मुंबईच्या मानाने बरा राहतो, पण उन्हाने रबर तडकते आणि गोदामातले उंदीर वायरिंगची वाट लावतात. शिवाय आजच्या पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून त्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

तरीही पहिला खर्च मिस्त्रीवर नव्हे, कागदांवर करावा. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना 31 आणि इतर वारसांची संमती लागते. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असतो. कर्ज चाळीस वर्षांपूर्वीच फिटलेले असते, पण नमुना 35 भरून तो उतरविण्याचे कोणालाच सुचलेले नसते. ती बँकही आता त्या नावाने उरलेली नसेल. उदाहरणार्थ, देना बँक 1 एप्रिल 2019 पासून बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, तेव्हा तिच्या जुन्या कर्जाचे पत्र बडोद्याच्या शाखेकडे मागावे लागेल. व्हिंटेज नोंदणी नको, गाडी अधूनमधून नेहमीसारखी फिरवायची आहे, असे ठरल्यास नमुना 25 वर नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर अशी साधी वाट आहेच. थकलेल्या मुदतीचा दंड किती, ते धुळ्याच्या परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

आर.सी. बुक सापडत नसेल तर तिजोरीतील जुन्या वहीखात्यांत शोधावे. गाडीची पावती आणि विम्याचे कागद अनेक घरांत त्या वर्षीच्या रोजमेळातच बांधून ठेवलेले असतात.