ऑपेरा हाऊस ते ओकावांगो

जून १८६४. पावसाळा तोंडावर आलेला असताना एक आगबोट मुंबई बंदरात शिरली. बोट इतकी लहान होती की कापसाच्या तेजीने गजबजलेल्या त्या बंदरात तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. बोटीचं नाव ‘लेडी न्यासा’ आणि तिचा कप्तान आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन. झांझिबारहून दीड महिना समुद्र कापत तो इथवर आला होता. सोबत मोजके गोरे, झांबेझीकाठचे सात खलाशी आणि चुमा व विकातानी ही गुलामगिरीतून सुटलेली दोन मुलं. बोट विकायची होती. पुढच्या वर्षी ती विकली गेली, आलेला पैसा बँकेत ठेवला आणि ती बँक बुडाली. कापसाच्या तेजीनंतर मुंबईत जे अनेकांचं झालं, तेच लिव्हिंगस्टनचंही झालं.

त्या दोन मुलांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनशाळेत ठेवलं. विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज उभं राहिलं. खलाशांपैकी सुसी आणि अमोदा मुंबईच्या गोदीत कामाला लागले. १८६६ मध्ये लिव्हिंगस्टन पुन्हा आफ्रिकेच्या आतल्या भागात निघाला तेव्हा हे चौघे त्याच्यासोबत होते. नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले आफ्रिकी तरुणही होते. आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला. चुमा, सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा देह आणि त्याच्या वह्या कित्येक महिने चालून किनाऱ्यापर्यंत आणल्या. शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने झाडावर मृत्युलेख कोरला आणि त्या प्रवासाची स्वतःची रोजनिशी ठेवली.

मुंबई आणि आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग यांच्या नात्याचा आढावा इथूनच सुरू करायला हवा, कारण या नात्याचं मूळ सहलीत नाही. ते काम, पगार आणि पायपीट यांतून जुळलेलं आहे. पुढच्या दीडशे वर्षांत गिरगाव, दादर, परळ, लालबागमधून जे कुणी तिकडे गेले, ते बहुतेक पोटासाठी गेले. जनावरं, वाळवंट आणि धबधबे त्यांनी नंतर पाहिले, रजा मिळाली तेव्हा.

गांधी दुभाषे होतात

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले केप टाऊनला उतरले. हिऱ्यांच्या खाणीचं किंबर्ली, जोहान्सबर्ग, दरबान, प्रिटोरिया असा त्यांचा दौरा झाला. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू यांना गोखल्यांचं भाषण मराठीतून ऐकायचं होतं. गांधीजींनी गोखल्यांना तशी गळ घातली आणि हिंदुस्थानी भाषांतर करायला स्वतःच उभे राहिले. तुमची मराठी किती खोल आहे ते ठाऊक आहे, अशा अर्थाची चेष्टा गोखल्यांनी केलीच. पण त्यानंतर थेट झांझिबारपर्यंत आपल्या माणसांच्या सभांत ते मराठीतच बोलले. गोखले मराठीत बोलताहेत आणि गांधी भाषांतर करताहेत, हे दृश्य पुण्या-मुंबईने पाहिलं नसेल, ते जोहान्सबर्गने पाहिलं.

ही मराठी मंडळी तिथे आली कुठून? रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून, मुंबईचं बंदर गाठून. केप टाऊनमध्ये कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावू लागले. दुकानं चालवणारी ही माणसं मळ्यांतल्या गिरमिटियांपेक्षा, म्हणजे करारबद्ध मजुरांपेक्षा, वेगळी होती. ती आपल्या खर्चाने तिकीट काढून गेली होती. दरबानचा मोठा भारतीय समाज मात्र मुख्यतः गिरमिटियांचा, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी मुळाचा. अर्धा पाव पोखरून त्यात उसळ भरायची, या दरबानी ‘बनी चाव’ला लालबागचा माणूस पहिल्या घासात ओळखतो. आपल्या उसळपावाचाच तो चुलतभाऊ.

बंद दार

१९४६ मध्ये वर्णद्वेषी कायद्यांच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. पुढे कित्येक वर्षं भारतीय पासपोर्टवर त्या देशासाठी मनाई असे. ज्यांना त्या भागात नोकरी हवी होती ते शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर झांबिया, बोत्सवाना, झिंबाब्वे अशा नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत गेले. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांत ‘आफ्रिकेतले काका’ म्हणजे लुसाका किंवा गॅबोरोनचे काका असतात, ते त्यामुळे.

दार उघडलं ते आधी क्रिकेटने. नोव्हेंबर १९९२ मध्ये भारतीय संघ दरबानला खेळला आणि पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं शिवाजी पार्कात आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेल्या प्रवीण आमरेने. १०३ धावा. दादरमध्ये त्या दिवशी अनेकांनी नकाशा काढून दरबान शोधलं असेल. राजनैतिक संबंध वर्षभराने, नोव्हेंबर १९९३ मध्ये पूर्ववत झाले.

पुला म्हणजे पाऊस

यानंतरचा सगळ्यात घट्ट धागा हिऱ्याचा. चर्नी रोड स्टेशनबाहेर पडलं की ऑपेरा हाऊसचा परिसर लागतो. पंचरत्न, प्रसाद चेंबर्स, रस्त्यावर कागदाच्या पुड्या उघडून उभे दलाल आणि लगबगीने चालणारे आंगडिये. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात हिरेबाजार सुरू झाल्यावर ही गर्दी ओसरली, पण गिरगावच्या दोन पिढ्यांनी हा व्यापार खिडकीतून पाहिला. मालक बहुतेक पालनपुरी आणि काठियावाडी. हिशेब, बँक, कस्टम आणि मालाच्या प्रतवारीच्या टेबलांवर मराठी माणसंही होती.

कच्चा माल येतो कुठून? बोत्सवानात १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले, १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. हिरे आमचे आहेत तर विक्रीही आमच्याकडे व्हावी, हा त्या देशाचा आग्रह. २०१३ मध्ये डी बीअर्सने कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गॅबोरोनला हलवली. भारतीय कंपन्यांनी तिथे पैलू पाडण्याचे कारखाने काढले आणि मुंबई-सुरतेचे कारागीर, पर्यवेक्षक, हिशेबनीस करार करून निघाले.

तिथे पगार मिळतो पुलामध्ये. सेत्स्वाना भाषेत ‘पुला’ म्हणजे पाऊस. देशाचं बोधवाक्यही तेच आणि सभेच्या शेवटी जयजयकारही त्याचाच. ज्याने चलनाला पावसाचं नाव दिलं, त्या देशाला पाण्याची किंमत किती असेल ते वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये गॅबोरोनचं धरण जवळजवळ आटलं. तानसा-मोडकसागरची पातळी जून-जुलैत पेपरात वाचायची सवय असलेल्या मुंबईकराला ती बातमी परकी वाटली नसेल. २०१८ मध्ये केप टाऊनने माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. जोहान्सबर्गला वारंवार वीज जायची त्या वर्षांत तिथेही ‘लोडशेडिंग’ हाच शब्द चालायचा आणि वेळापत्रक तोंडपाठ असायचं.

राहायला गेलं की पंचांगही उलटं होतं. मकरवृत्त बोत्सवानातून जातं, हमरस्त्याच्या कडेला त्याची पाटी आहे. संक्रांतीला आपण सूर्य उत्तरेकडे वळला म्हणून तिळगूळ वाटतो. तिथे तो सूर्य डोक्यावरून निघून चाललेला असतो आणि भर उन्हाळ्यात गूळ बोटांना चिकटतो. मे-जूनच्या सुट्टीत मुंबईहून येणाऱ्यांना स्वेटर आणायला सांगावं लागतं. गणपतीला वसंत, दिवाळीला पहिला वळीव. प्रिटोरियाचे रस्ते त्या सुमारास जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात. मोपाने या झाडाची जोडपानं पाहून दसऱ्याचं सोनं आठवतं, कारण ती आपट्यासारखीच दिसतात. उन्हात ती मिटून घेतात आणि सावली जवळपास नाहीशी होते. लालबागच्या मिरची गल्लीतून कांडून नेलेला मसाला संपला की मुक्कामाचे महिने भरत आले, असा हिशेब अनेक घरांत चालतो.

गाडी आपली, जंगलही आपलं

सहलीला जाणारा आठ दिवसांत ‘बिग फाइव्ह’ मोजून परततो. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, म्हैस ही यादी मुळात शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करायला सर्वांत अवघड आणि धोक्याची ती पाच जनावरं. पाहणाऱ्याने शिकाऱ्याची यादी का वापरावी, हा प्रश्न तिथे राहणाऱ्यालाच पडतो, कारण त्याला घाई नसते.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर उद्यान १९२६ मध्ये झालं. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीच्या उद्यानाचं १०४. ताडोबात जिप्सी आणि गाइड लागतो, क्रूगरमध्ये स्वतःची गाडी चालते. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने मुंबईचा चालक बुजत नाही. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही आणि फाटक बंद व्हायच्या आत मुक्कामी पोहोचायचं. दोन-तीन फेऱ्यांनंतर सिंहाची असोशी कमी होते. मग शेणाचा गोळा लोटणारा किडा दिसतो, गवतात सापाला लाथा घालणारा सेक्रेटरी पक्षी दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिल्या पावसाबरोबर इंपालांची पाडसं एकदम जन्मतात, हे ज्याने तो महिना तिथे काढला त्यालाच कळतं.

ओकावांगो नदीचं गणित याहून विलक्षण. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस रमतगमत बोत्सवानात उतरतो आणि माऊनच्या बाजूला पोहोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आकाशात ढगाचा ठिपका नसताना, कोरड्या हिवाळ्यात पूर येतो. नदी समुद्राला मिळतच नाही, कलहारीच्या वाळूत पसरून संपते. २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत तिचा त्रिभुज प्रदेश हजारावी जागा ठरला.

गॅबोरोनहून उत्तरेला नऊशेहून अधिक किलोमीटर गेलं की चोबे नदीवरचं कासाने. बोत्सवानात सव्वा लाखाहून अधिक हत्ती आहेत आणि शेवटच्या टप्प्यात ते हमरस्ता ओलांडताना भेटतात, म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही, हा जाणत्यांचा पहिला सल्ला. पुढे झांबेझीवरचा धबधबा, १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच. लिव्हिंगस्टनने १८५५ मध्ये त्याला राणी व्हिक्टोरियाचं नाव दिलं. स्थानिक नाव ‘मोसी-ओआ-तुन्या’, गरजणारा धूर. दिवाळीच्या सुट्टीत झांबियाच्या बाजूने गेलात तर बरीचशी कोरडी कातळभिंत दिसेल, त्या दिवसांत झिंबाब्वेकडून पाहावा. नामिबियाच्या वाळूच्या लाल टेकड्या आणि एटोशाचं ४,८०० चौरस किलोमीटरचं खारपाट यांवर स्वतंत्र लेखच हवा.

परतीची पाखरं

परत आलेल्या माणसाला इथली मुंबई जरा वेगळी दिसते. राणीच्या बागेतली गोरखचिंच म्हणजे बाओबाब, हे त्याला पाटी न वाचता कळतं. शिवडीच्या चिखलातले लहान रोहित त्याच जातीचे, जे नामिबियातल्या वॉल्विस बे आणि किंबर्लीजवळच्या कॅम्फर्स तळ्यावर पाहिले. दिवाळीच्या सुमारास अमूर ससाणे नागालँड सोडून निघतील, आपल्या डोक्यावरून जाऊन अरबी समुद्र ओलांडतील आणि दक्षिण आफ्रिकेत उन्हाळा काढतील. २०१३ मध्ये उपग्रह-ट्रान्समीटर लावून सोडलेल्या पक्ष्यांनी हा रस्ता दाखवून दिला.

पक्ष्यांचा प्रवास नोंदला गेला, माणसांचा तितका नाही. गॅबोरोन, लुसाका, जोहान्सबर्गला वीस-वीस वर्षं काढलेल्या मराठी माणसांनी काय पाहिलं, ते बहुतेक फोटोंच्या अल्बममध्ये आणि घरगुती गप्पांत राहिलं. सहलीची प्रवासवर्णनं आपल्याकडे भरपूर आहेत. आठ दिवसांत दिसतं ते त्यात येतं, पण ओकावांगोचा पूर चढताना आणि ओसरताना, दोन्ही वेळा पाहिलेल्याची हकिकत त्यात नसते. चुमा आणि सुसी यांनी लिव्हिंगस्टनच्या वह्या वाचवल्या, पण शरणपूरच्या शाळेतला जेकब वेनराइट त्याही पुढे गेला. त्याने स्वतःची वही लिहिली आणि म्हणून त्या प्रवासाची त्याची बाजू आज उरली आहे. तुमच्या घरात असे ‘आफ्रिकेतले काका’ किंवा मावशी असतील, तर या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर त्यांच्या हातात एक कोरी वही द्या.