भारी रेडिओ-किटला इथे गिऱ्हाईक आहे का?

हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, भेटले की विषय निघतोच: घरी जोडायचा उंची ट्रान्सीव्हर भारतात खपेल का? अमेरिकेत एलेक्राफ्ट कंपनीने १९९९ च्या सुमारास के२ आणला. सुटे भाग घ्या, एकेक सोल्डर करा, आणि तयार होणारा सेट महागड्या रिगच्या तोडीचा! पण पुढचा के३ किट म्हणून आला तो सोल्डरिंगशिवाय, नुसते बोर्ड जोडायचे. कारण आताचे सरफेस-माउंट भाग मोहरीएवढे. हात थरथरला की गेले.

आपल्याकडची वाट हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांनी दाखवली. त्यांच्या मूळ बिटएक्स ट्रान्सीव्हरमध्ये कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर चालायचा. २०१७ च्या अखेरीस मायक्रोबिटएक्स आला, तो तयार बोर्डाच्या रूपात: १० वॉट, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, तेव्हाची किंमत १०९ डॉलर.

माझ्या मते लाखभराच्या किटला इथे गिऱ्हाईक मोजकंच. गंगापूरच्या नवशिक्याने परदेशी सेटवर कस्टम ड्यूटी भरण्याआधी असा बोर्ड डब्यात बसवून पाहावा. आणि हो, परवाना आधी! वय १२ पूर्ण हवं, परीक्षा दूरसंचार विभागाची. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही.