सेकंडहँड लॅपटॉप सुरूच होत नाही? 'बोर्ड गेला' म्हणून सोडून देण्याआधी हे करून पाहा

दहावी-बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या घराघरांत एक हिशेब मांडला जातो. मुलीला किंवा मुलाला लॅपटॉप हवा, पण नवा परवडत नाही. मग अब्बा ओळखीच्या माणसाकडून नाहीतर पुण्या-मुंबईच्या बाजारातून सेकंडहँड आणतात. चार दिवस तो नीट चालतो. पाचव्या दिवशी बटण दाबलं तर काहीच होत नाही. घरात सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण त्यात बचतीचे पैसे गेलेले असतात आणि स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची तारीख जवळ आलेली असते.

अशा वेळी दुकानात 'मदरबोर्ड गेला' असं ऐकलं की बरेच जण आशाच सोडतात. पण बंद पडलेला प्रत्येक लॅपटॉप मेलेला नसतो. बिघाड अडॅप्टर, रॅम किंवा डिस्कसारख्या स्वस्तात बदलता येणाऱ्या भागातही असू शकतो. म्हणून आधी बिनखर्चाच्या गोष्टी तपासाव्यात आणि बोर्डाचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

सगळ्यात आधी बॅटरी पाहा

लॅपटॉप उलटा करून पाहा. खालचं झाकण फुगलंय का? टचपॅड वर आलाय का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका. लॅपटॉप तसाच कारागिराकडे न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

एकही दिवा लागत नसेल तर

१. दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड नको, थेट भिंतीतला प्लग वापरा.

२. अडॅप्टरवरचं लेबल वाचा. सेकंडहँड मालासोबत अनेकदा भलताच अडॅप्टर दिलेला असतो. लॅपटॉपच्या खाली लिहिलेले व्होल्ट आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळले पाहिजेत. बऱ्याच लॅपटॉपना १९ किंवा १९.५ व्होल्ट लागतात. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. टाइप-सी पिनचा लॅपटॉप असेल तर मोबाईलचा चार्जर बहुतेक वेळा पुरत नाही. अनेक लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॅटचा लागतो.

३. चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला करंट त्यामुळे निघून जातो. मग बॅटरी बाजूलाच ठेवून फक्त चार्जरवर चालू करून पाहा. बॅटरी आत बसवलेली असेल तर नुसता चार्जर काढून हेच करा.

४. लॅपटॉप बरेच दिवस पडून असेल तर अर्धा तास चार्जिंगला लावा, मगच बटण दाबा. पूर्ण उतरलेली बॅटरी लगेच उठत नाही.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

ही तशी आशेची खूण आहे. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसटसं चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, फक्त स्क्रीनच्या मागचा उजेड गेलाय. एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड चालू आहे. दोष स्क्रीनचा किंवा तिच्या पट्टीचा आहे.

'बीप बीप' आवाज येत असेल किंवा कॅप्सलॉकचा दिवा ठराविक वेळा लुकलुकत असेल, तर लॅपटॉप स्वतःच दोष सांगतोय. किती वेळा वाजलं ते मोजून लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, पण बऱ्याचदा रॅमकडे बोट असतं. लोणावळ्याच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तीच दमट हवा रॅमच्या सोनेरी दातांवर काट चढवते. जाणकार माणसाकडून बॅटरी सोडवून रॅम काढून घ्या, खोडरबरने दात हलके पुसा आणि रॅम परत घट्ट बसवा. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन मिनिटं थांबा, काही लॅपटॉप तेवढा वेळ घेतात.

ओला झालेला लॅपटॉप तांदळात ठेवू नका, हेअर ड्रायरही मारू नका. बंद करा, चार्जर काढा आणि उघडून वाळवायला कारागिराकडे द्या.

कंपनीचं नाव येतं आणि तिथेच अडतं

'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज आला तर डिस्क सैल झाली आहे, खराब आहे किंवा तिच्यात विंडोज नाही. चालू करतानाच एफ-२, डिलीट, एफ-१० किंवा एस्केप यांपैकी कंपनीप्रमाणे जे बटण असेल ते दाबत राहा. बायोसचं पान उघडेल. तिथे डिस्कचं नाव दिसतं का, ते बघा. तारीख मागे गेली असेल तर आतला छोटा सेल संपलाय. तो थोडक्या पैशांत बदलून मिळतो.

पण विंडोजच्याही आधी पासवर्ड मागितला तर लॅपटॉप कदाचित एखाद्या ऑफिसचा असेल. अशा वेळी लॉक तोडून देणारा शोधू नका. विकणाऱ्याकडे मूळ बिल मागा. बिल नसेल तर माल परत करा. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणं हा गुन्हा आहे.

दुरुस्तीला देताना

'विंडोज टाकून देतो' म्हटल्यावर लगेच हो म्हणू नका. त्यात सगळ्या फाइली जाऊ शकतात. आधी डेटा काढून घ्यायला सांगा. बोर्ड गेला असं म्हणाले तर विचारा: दुसरा अडॅप्टर लावून पाहिला का? दुसरी रॅम टाकून पाहिली का? कुठला भाग गेला? खर्च कागदावर लिहून घ्या आणि काढलेला भाग परत मागा. खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर पुन्हा विचार करा.

खरीदताना आणि विकताना

दुकानात आधीच चालू करून ठेवलेला लॅपटॉप पाहून पैसे देऊ नका. तो बंद करायला लावा, दहा मिनिटं थांबा. मग एकदा नुसत्या बॅटरीवर आणि एकदा चार्जरवर सुरू करून बघा. बिलावर सीरियल नंबर आणि परतीची मुदत लिहून घ्या. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का, हेही विचारा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. दुकानदार फसवतोय असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते.

विकणारे आपल्यातलेच असतात, म्हणून हेही सांगायला हवं. माहीत असलेला ऐब लपवून माल विकणं इस्लाममध्ये जायज नाही. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क खरीददाराला आहे. फिकहमध्ये त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. 'चार्जर हलवला की बंद पडतो' एवढं एक वाक्य आधी सांगितलं तर किंमत थोडी कमी येईल, पण व्यवहार साफ राहील.

जुन्या लॅपटॉपमध्ये आधीच्या मालकाचे फोटो किंवा कागदपत्रं सापडली तर ती अमानत समजा. उघडून पाहू नका, कुणाला पाठवू नका. त्याला कळवा किंवा पुसून टाका. आणि आपला लॅपटॉप विकताना अकाउंटमधून बाहेर पडा, डिस्क पूर्ण साफ करा. घरातल्या लेकी-बहिणींचे फोटो आणि आधारच्या प्रती त्यातच असतात.

एवढं सगळं करूनही लॅपटॉप उठला नाही, तर काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहा आणि लॅपटॉपसोबत न्या. कारागिराचा वेळ वाचतो, आणि समोरच्याला माहिती आहे म्हटल्यावर नको तो खर्च सांगायला तोही कचरतो.