जावा : जेसन अ‍ॅरेचा लूप कुठे अडतो?

जेसन अ‍ॅरेतले घटक एकेक करून वाचताना कंपायलर अडून बसतो, तो बहुधा या चार जागी.

• विभाजक : फॉरच्या कंसातले तीन भाग अर्धविरामानेच तोडायचे; तिथे स्वल्पविराम चालत नाही.

• जादा अर्धविराम : कंस मिटताच अर्धविराम पडला, तर लूप रिकामाच फिरतो. कंसात जाहीर केलेला 'आय' पुढच्या ओळींना दिसत नाही आणि 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' ही तक्रार येते.

• लांबी : साध्या अ‍ॅरेला 'लेंग्थ' कंसाविना, ऑर्ग-जेसन लायब्ररीच्या जेसनअ‍ॅरेला 'लेंग्थ' कंसासह. जीसन आणि जॅक्सन या लायब्ररींमध्ये मात्र 'साइझ', तेही कंसासह.

• फॉर-ईच : २००४ साली जावा ५ मध्ये आलेली ही सोय अँड्रॉइडच्या जेसनअ‍ॅरेला लागू पडत नाही, कारण तो 'इटरेबल' नाही. तिथे क्रमांकाचा लूप लिहावा.

कंपाइल झाले तरी अट तपासा. मोजणी ० पासून असते. 'लांबीपेक्षा कमी'ऐवजी 'कमी किंवा समान' लिहिले, तर ऑर्ग-जेसनमध्ये शेवटच्या फेरीत 'गेट'ला जेसनएक्सेप्शन येते. एका चुकीपोटी कंपायलर अनेक तक्रारी दाखवू शकतो, म्हणून सर्वांत वरची आधी दुरुस्त करा.