सिंहासनावरून ओसरीवर

सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोटचा किल्ला आहे. मराठ्यांच्या काळात तो हिंमतगड होता. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी घेतल्यावर तो फोर्ट व्हिक्टोरिया झाला. रत्नागिरी जिल्ह्याचे हे उत्तरेकडचे टोक. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल हा पाळक इथे येऊन राहिला आणि वर्ष संपायच्या आत वारला. त्याच्यामागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठाणी. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज उभे राहिले ते जॉन विल्सनही १८२९ साली हिंदुस्थानात उतरल्यावर मराठी शिकायला हर्णैलाच आले होते.

ही माणसे प्रेसबिटेरियन पंथाची. त्यांच्या घरात मूल बोलू लागले की त्याला १६४७ सालची एक प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे. तिचा पहिलाच प्रश्न, माणूस कशासाठी जन्माला आला? उत्तराचा आशय असा की देवाचा महिमा वाढवावा आणि त्याच्या ठायी कायमचा आनंद भोगावा यासाठी. ख्रिस्ती धर्मविचारातली ही मोठी गोष्ट आहे. पाप, तारण, स्वर्ग, नरक या सगळ्यांच्या आधी महिमा येतो.

कोकणाने मात्र या मंडळींची शाळा घेतली आणि प्रश्नोत्तरी परत केली. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. थोड्याच वर्षांत मिशनचा मुक्काम पुण्या-मुंबईकडे सरकला. पुढे दापोलीला अँग्लिकन मिशनचे हायस्कूल निघाले, त्यातही हेच घडले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे तिथे शिकले, पालगडचे साने गुरुजी तिथे शिकले. एकाने धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, दुसऱ्याने आईची गोष्ट सांगितली. मिशनच्या हिशेबात ही कमाई कुठे मांडायची?

आणि त्याच दापोली तालुक्यातल्या करजगावात ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. मराठीत ख्रिस्ताचा महिमा सर्वांत गोड गळ्याने गाणारा कवी मिशनऱ्यांनी सोडून दिलेल्या किनाऱ्यावर, एका चित्पावन घरात जन्मला. त्यात मिशनचा काडीचा वाटा नव्हता.

टिळकांकडे जाण्यापूर्वी बायबलात महिमा म्हणजे काय, हे पाहायला हवे. नुसती स्तुती म्हणजे महिमा, असे आपल्याला वाटते. बायबलात तो दिसतो, भाजतो, जागा व्यापतो, निघूनही जातो. निर्गम या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे देवापाशी हट्ट धरतो की तुझे तेज मला दाखव. देव नकार देतो. माझे मुख पाहून माणूस जिवंत राहायचा नाही, असे सांगतो आणि त्याला खडकाच्या कपारीत उभे करून वर हात धरतो. तेज पुढे निघून गेल्यावर हात काढतो. मोशेला दिसते ती फक्त पाठ. इथे मराठी वाचकाला गीतेचा अकरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. अर्जुनाला विश्वरूप पाहायला मिळते, पण ते झेपत नाही आणि तो पुन्हा सौम्य रूपाची विनवणी करतो. मोशेला मुळात पाहूच दिले जात नाही. दोन्हीकडे माणसाचे डोळे अपुरे पडतात.

पुढे शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधले तेव्हा ढगाने ते इतके भरून गेले की याजकांना आत उभे राहता येईना. त्याही आधी, पलिष्ट्यांनी कराराचा कोश पळवला त्या दिवशी एली याजकाची सून बाळंत झाली. वैभव गेले, याच अर्थाचे नाव मुलाला ठेवून तिने प्राण सोडला. यहेज्केल संदेष्ट्याला तर देवाचे तेज मंदिराचा उंबरठा सोडून पूर्वेकडे जाताना दिसले. राजधानीतून ते निघून गेले. पण त्याआधीच, पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, तेच तेज त्याला बाबेलच्या मुलखात, नदीकाठी धरून आणलेल्या कैद्यांमध्ये दिसले होते. मला हा भाग सबंध जुन्या करारातला सर्वांत धीट वाटतो. देव देऊळ सोडून परागंदा माणसांच्या वस्तीत येतो.

नव्या करारात ही वाट आणखी खाली उतरते. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची बातमी आणि आकाशातला उजेड पहिल्यांदा रात्रपाळीच्या मेंढपाळांना मिळतो. योहान त्याहून पुढे जातो. डोंगरावर येशूचे रूप पालटून चेहरा उजळला, ही कथा बाकी तिघांनी सांगितली, योहानाने गाळली. त्याच्याकडे महिमा पहिल्यांदा दिसतो तो गालीलातल्या काना गावी, लग्नघरात, पाण्याचा द्राक्षारस होतो तेव्हा. बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक येशूला भेटायला येतात, तेव्हा तो म्हणतो की आता गौरवाची घटका आली, आणि लगेच गव्हाच्या दाण्याचे बोलतो: मातीत पडून मेला नाही तर दाणा एकटाच राहतो. म्हणजे गौरवाची घटका आणि वधस्तंभ एकच. गुन्हेगाराला द्यायच्या शिक्षेत देवाचे तेज पाहायचे, ही कल्पना रोमन माणसाला हास्यास्पद वाटली असेल, सनातनी यहुद्याला पाखंड.

आता मराठीकडे. पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला, आणि तो एका इंग्रजाने केला. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि उरलेले आयुष्य मुख्यतः साष्टीत घालवले. त्याच्या संघाचे ब्रीदच मुळी देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी असे होते. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल इथे छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. जवळपास अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्यात सृष्टीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. मांडणी संवादाची: नवख्रिस्ती श्रोता विचारतो, पाद्री सांगतो. आमची जुनी पुराणे गेली, मग नवे द्या, अशी मागणी श्रोत्यांकडून आली, अशी त्यामागची भूमिका. ती कोणत्या काळात आली हेही लक्षात ठेवावे. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, त्यानंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी मारले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून चालू होते. देवाचा गौरव आणि पोर्तुगालच्या राजाचा गौरव यांतले अंतर साष्टीतल्या माणसाला कितपत दिसले असेल?

जुन्या गोव्यातल्या सोनेरी वेदी पाहिल्या की त्या काळची महिम्याची कल्पना डोळ्यांत भरते. बॉम जेझूचे चर्च १६०५ सालचे. वेदीमागे वरपर्यंत सोन्याचा मुलामा. ‘क्रिस्तपुराणा’तला देवही दरबारी वैभवाचा आहे, फक्त त्याचा दरबार वैकुंठ या ओळखीच्या नावाने येतो. स्टीफन्सची मराठी मात्र दरबारी नाही, ती ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीच्या वळणाची आहे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच बंदी घातली आणि पुराणाचा वाचक आटत गेला. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, म्हणून १९०७ साली सालढाणांना त्याची नवी आवृत्ती काढता आली. शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले ते १९५६ साली.

स्टीफन्सच्या वाट्याला गमतीचे अमरत्व आले. मराठी भाषेची त्याने केलेली थोरवी पाठ्यपुस्तकात येते, मराठी भाषा दिनाच्या भाषणात येते. भाषेच्या त्या चार ओव्या आपण उचलल्या. ज्याच्या गौरवासाठी त्या अकरा हजार लिहिल्या तो प्रस्तावनेतच राहिला.

टिळकांच्या हाती बायबल आले ते गोव्यातून नाही आणि बाणकोटच्या शाळेतूनही नाही. कोकण लहानपणीच सुटले. कल्याण, मग नाशिक. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत. नंतर नागपूर. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, गप्पा झाल्या, उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली. टिळकांनी ती वाचली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. चमत्कारांशी नाही, राजांच्या राजाशीही नाही. गरिबांना, शोक करणाऱ्यांना, सौम्य माणसांना धन्य म्हणणाऱ्या त्या तीन अध्यायांशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. अनेक मिशनऱ्यांना हे ऐकायला आवडे, कारण पूल ओलांडला की मागे राहतो असे ते समजत. टिळकांचा पूल मागे राहिला नाही. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी पाळक म्हणून, शिक्षक म्हणून, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक म्हणून काम केले आणि तिथल्या उपासनेत अभंग, भजन, कीर्तन यांना जागा मिळावी म्हणून झगडले. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन त्यांच्याआधीपासून होते, कृष्णराव सांगळ्यांसारखे कवी होते. टिळकांनी त्यात तुकारामाचा जिव्हाळा आणला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, सखा आहे. सिंहासन फारसे लागत नाही. ज्याचे मुख मोशेला पाहू दिले नाही तो इथे जवळ बसतो आणि भक्त त्याच्याशी भांडतो, रुसतो. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

काही पंडित म्हणतील, यात बायबलातली दहशत गेली. खरे आहे, यशयाच्या सहाव्या अध्यायातला धुराने भरलेला गाभारा आणि हादरणारा उंबरठा टिळकांत कमीच. पण योहानाचा लग्नघरातला महिमा त्यांना जितका कळला तितका मराठीत दुसऱ्या कुणाला कळला असेल असे वाटत नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. नाव दरबाराचे, पण आत हुद्दे नाहीत. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे यायची मोकळीक. मिशनच्या शिस्तीत वाढलेल्यांना ही मोकळीक धोक्याची वाटणे साहजिक होते. प्रयोग वाढायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या टेबलावर ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य अपुरे पडले होते. दहाएक अध्याय झाले होते.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ही बाई शाळेत गेलेली नाही. वडिलांच्या घरी सोवळ्याचा कहर, नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांची ताटातूट, मग स्वतःचा निर्णय. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना आठवेल की बाप्तिस्म्याच्या बऱ्याच आधी त्यांच्या मनातली जात गेली. देवाने माणसे केली, जाती त्याने केल्या नाहीत, हा विचार एकदा पक्का झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. धर्मशास्त्राच्या कोणत्या कलमात हे बसते त्यांनी पाहिले नाही. पाण्याच्या तांब्यापाशी झालेला हा निवाडा मला कानाच्या लग्नघराइतका महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगताना त्या स्वतःवर हसतातही.

नवऱ्याच्या दहा अध्यायांपुढे त्यांनी चौसष्ट लिहिले. संस्कृत पंडिताने सुरू केलेले काव्य चूल सांभाळणाऱ्या बाईने मोठे केले, आणि प्रमाणाने पाहिले तर ‘ख्रिस्तायन’ हे लक्ष्मीबाईंचेच पुस्तक आहे. मुखपृष्ठावरच्या नावांचा क्रम काहीही असो. त्या १९३६ साली गेल्या.

वाचकांनी मात्र ‘स्मृतिचित्रे’ घेतले आणि ‘ख्रिस्तायन’ ठेवून दिले. निवड चुकली असे मी म्हणणार नाही, ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्यातले अव्वल पुस्तक आहे. पण स्टीफन्सचे झाले तेच इथेही झाले. त्याच्या ओव्यांतली भाषेची स्तुती उचलली, लक्ष्मीबाईंच्या लिखाणातला संसार उचलला, टिळकांना फुलामुलांचे कवी करून शाळेत बसवले. वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती साहित्याला एक वेगळे प्रकरण देऊन आपण मोकळे झालो. त्या प्रकरणात बाबा पदमनजी असतात, पंडिता रमाबाई असतात, आणि रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर एका वाक्यात उरकलेले असते.

नगर, पुणे, मुंबईकडच्या मराठी चर्चमध्ये रविवारी ‘उपासना संगीत’ उघडले जाते, त्यात टिळकांची गीते पानोपानी आहेत. तबला-पेटीवर ती म्हणणाऱ्या अनेकांना कवी दापोलीकडचा, हे ठाऊक नसते. आणि दापोलीत ‘वनवासी फूल’ ठाऊक असलेल्यांना ही गीते ठाऊक नसतात.