कचऱ्याची जागा आणि विहिरीचे पाणी

आपल्या अहमदनगर जिल्ह्यास, ज्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर असे झाले, पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. हा मुलूख पर्जन्यछायेचा. निजामशाहीच्या काळी कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या ठिकाणांहून खापरी नळांनी शहरात पाणी आणीत. आज ते मुळा धरणातून येते. खेड्यांत मात्र विहिरीचा आधार अजून मोठा आहे. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ह्या गावांनी चर खोदून व बांध घालून पावसाचे पाणी जमिनीत जिरविले आणि आपल्या विहिरींस पुन्हा पाणी आणिले, ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु जी भूमी स्वच्छ पाणी पोटात घेते, तीच घाण पाणीही तितक्याच सहजतेने घेते. म्हणून शहराचा कचरा कोठे टाकावा व कोठे टाकू नये, हा प्रश्न एकट्या महानगरपालिकेचा नसून प्रत्येक विहिरीचा व शेताचा आहे. त्याचाच येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कचऱ्याचा ढीग वरून कोरडा दिसला तरी आत तो कुजत असतो. भाजीची देठे, शिळे अन्न, कागद, जुन्या बॅटऱ्या, औषधांच्या बाटल्या, प्लॅस्टिक हे सर्व एकत्र पडले आणि त्यावर पाऊस झाला म्हणजे ढिगातून काळे, दुर्गंधीयुक्त पाणी पाझरू लागते. ह्यास लिचेट म्हणतात. त्यात क्षार व अमोनिया तर असतातच, शिवाय बॅटऱ्यांतील शिशासारखे धातूही उतरू शकतात. अमोनियाचे पुढे जमिनीत नायट्रेट बनते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. अधिक झाल्यास तान्ह्या मुलांस विशेष अपाय होतो. क्षारयुक्त पाणी शेतास सतत दिले तर जमीन खारवत जाते व पीक खुरटते.

कोणी म्हणेल की, आपल्याकडे पायाखाली काळा पाषाण आहे, त्यातून पाणी कसे जाईल? हा समज बरोबर नाही. दख्खनच्या ह्या खडकावर मुरुमाचा थर असतो व त्याखालील कातळास सांधे व फटी असतात. आपल्या विहिरींस जे झरे लागतात, ते ह्याच मुरुमातून व फटींतून येतात. काळी माती चिकट खरी. पण उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि पहिल्या वळिवाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. सोडून दिलेली दगडाची खाण कचरा भरण्यास आयती सापडली असे अनेकांस वाटते. वस्तुतः तेथे वरचे मातीचे आवरणच निघून गेलेले असते व खडकाच्या फटी उघड्या पडलेल्या असतात.

ह्या कारणांस्तव सरकारास जागेवर निर्बंध घालावे लागतात. केंद्र सरकारने 2016 साली जे घनकचरा व्यवस्थापन नियम केले, त्यांत कचरा पुरण्याची जागा नदीपासून 100 मीटर आणि तळे, वस्ती व पाणीपुरवठ्याची विहीर ह्यांपासून 200 मीटर दूर असावी, पूरक्षेत्रात ती नसावी, असे सांगितले होते. तळाशी 90 सेंटीमीटर घट्ट मातीचा थर व त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर घालावयाचे होते. ती माती इतकी घट्ट हवी की, तीतून पाणी उभ्या वर्षात जेमतेम तीन सेंटीमीटर झिरपावे. शिवाय भूजलाची वरची पातळी ह्या थराच्या निदान दोन मीटर खाली असावी. हे आकडे किमान होत. खडकाच्या फटींतून घाण कोणत्या दिशेस वाहील हे केवळ टेपाने मोजून कळत नाही. त्यासाठी उतार, नाले व झरे पाहावे लागतात, आणि तेथील शेतकऱ्यास आधी विचारावे लागते.

हा विचार न झाल्यास काय होते, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसते. तेथील कोथरूडचा डेपो वस्ती वाढल्यावर बंद झाला व कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी ह्या गावांकडे गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले व लोकांस टँकरच्या पाण्यावर राहावे लागले. 2017 च्या एप्रिल महिन्यात डेपोस आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि तो लढा सुमारे तीन आठवडे चालला. आपल्या शहराचा कचरा सावेडी व बुरुडगाव येथील डेपोंत जात आला आहे. बुरुडगावच्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. शिवाय शहरालगतची सीना कर्जत तालुक्यातील निमगाव गांगर्डा येथील धरणास मिळते व पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेकडे जाते. आपली घाण आपल्या शिवेवर थांबत नाही.

तेव्हा एका गावचा ढीग दुसऱ्या गावच्या माथी मारणे हा उपाय नव्हे. योग्य जागा थोड्याच असतात. म्हणून तेथे जाणारा कचराच कमी झाला पाहिजे. ओला, सुका व घातक असा तीन प्रकारचा कचरा घरीच वेगळा ठेवावा, ओल्याचे खत करावे, बॅटऱ्या व औषधे निराळी द्यावीत. हे काम विद्यार्थ्यांनी आरंभिले व आईबापांनी चालू ठेविले, तर भूमीत पुरावयाचे फारच थोडे उरेल.

पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या विहिरी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या व त्यांस पाणी लागले, अशी कथा पवित्र शास्त्रात आहे. माती उपसून काढता येते, परंतु झऱ्यात मिसळलेली घाण अशी उपसता येत नाही. ती जाण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून जागा निवडतानाच सावध राहणे हे सुज्ञपणाचे, आणि शेजाऱ्यावर प्रीती करणाऱ्यांस शोभणारे होय.